द्राक्षबाग ठेवू की काढू? एप्रिल छाटणी तोंडावर आलीय

तासगावची_सून
१२ मार्च, रात्री ११.५०

परवा महिला दिनाला गावात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, स्मृतिचिन्ह. सूत्रसंचालन करणाऱ्या पोराने 'रणरागिणी' म्हटलं, 'संकटांना छातीवर झेलणारी सून' म्हटलं. टाळ्या पडल्या. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी पदराने डोळे पुसले. मी हात जोडले, दोन शब्द बोलले. आणि सगळा वेळ मनात एकच, की अहो, या बाईला आता हे नको झालंय. तरीही घरी परतताना वाट वाकडी करून मी बागेत गेले. अंधारात, मोबाईलच्या उजेडात, नुसत्या वेली बघायला. हे दोन्ही एकाच संध्याकाळी झालं आणि दोन्ही खरं आहे. म्हणून इथे लिहायला बसले.

थोडं आमच्याबद्दल. मी सांगलीत एका हायस्कूलला विज्ञान शिकवते, चौदा वर्षं झाली. यजमान मिरजेत औषध दुकानात आहेत, शिफ्ट ड्युटी. मुलगी नववीत, जूनपासून दहावी. गाव तासगाव तालुक्यात, शाळेपासून गाडीने पाऊण तास. तिथे आमची दोन एकर द्राक्षं. एक एकर तास-ए-गणेश जातीची, आबांनी म्हणजे सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लावलेली, यंदा चौदावं वर्ष. दुसरी एकर सुपर सोनाका, पाच वर्षांची. लागण नऊ बाय पाच, म्हणजे एकरी साडेनऊशेच्या वर वेली.

आबा दोन वर्षांपूर्वी आषाढात गेले. त्यांनी कुणाकडून वचन घेतलं नाही. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मला एवढंच म्हणाले, "काडी किती डोळ्यांपर्यंत पिकलीय, बघून ये." मी जाऊन काडीवरच्या डोळ्यांचा, म्हणजे कळ्यांचा, फोटो काढून आणला. त्यांनी बोटाने तो मोठा केला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "बरी हाय." बागेबद्दल आमचं तेवढंच शेवटचं बोलणं. पुढे ऑक्टोबर छाटणी आली, टोळीचा मुकादम फोन करून "वहिनी, कधी येऊ?" म्हणाला, आणि मी तारीख दिली. बाग मी का घेतली असं कुणी विचारलं की मला सांगता येत नाही. कुणी मला विचारलंच नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

पहिल्या हंगामात ऐन फुलोऱ्यात तीन दिवस पाऊस लागला. औषध फवारायचा ब्लोअर चिखलात रुतला, फवारणी चुकली, डावणी ही बुरशी थेट घडावर आली. घडाला हात लावला की तपकिरी झालेली फुलं मुठीत गळायची. जुनी एकर निम्म्याहून जास्त गेली. दुसरा हंगाम, म्हणजे आत्ताचा, चांगला झाला. दोन एकरांत पावणेपाच टन बेदाणा निघाला. सोसायटीचं कर्ज फिटलं, पतसंस्थेत गहाण ठेवलेलं सोनं निम्मं सुटलं. लोकांना दिसतो तो हा बेदाणा.

एकदा एप्रिलची कात्री लागली की पुढचा मार्च येईपर्यंत सुटका नाही. माझ्याकडे वीस-बावीस दिवस आहेत. जमाखर्च मला मांडता येतो. मनाचं मांडता येत नाही.


भिलवडीचा_बागायतदार
१३ मार्च, सकाळी ६.१५

ताई, चाळीस वर्षं झाली बाग करून. तीनदा काढली, तीनदा लावली. आधी व्यवहाराचं बोलतो, मनाचं मला तुमच्याएवढं बोलता येणार नाही.

माल उतरल्यावर वेलीला आपण पंधरा-वीस दिवस विश्रांती देतो. पाणी बेतानं देतो, कात्री लावत नाही. तेवढे दिवस बाईमाणसानं, बापईमाणसानं पण घ्यावेत. शेडवरनं बेदाणा उचलला की लगेच कुणी ठेवू-काढू ठरवू नये. त्या दिवसांत सगळ्यांनाच बाग नको वाटते. मला दरसाल वाटते.

दुसरं, मार्चअखेर. सोसायटीत नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायला, सगळे धावतात, कारण तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं की व्याज शून्य. भरा, जरूर भरा. पण भरल्यावर लगेच नवी उचल घेऊ नका. उचल खात्यावर आली की माणूस ठरवत नाही, उचलच ठरवते. औषधवाल्याची उधारी त्यातनं जाते आणि आपण परत ओलांड्याखाली, वेलीच्या आडव्या फांदीखाली, उभे.

तिसरं विचारतो. चौदा वर्षांची बाग स्वमुळावर आहे का डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेली? मागच्या चार वर्षांत काडी बारीक पडत चाललीय का? वांझ काड्या किती? ही उत्तरं आली तर निम्मा निर्णय वेलच देईल.


कराडकर_पुण्यात
१३ मार्च, सकाळी ९.४०

ताई, माघार घेऊ नका! आपल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवा. १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले, खचले नाहीत, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कृष्णेच्या पाण्यात जिद्द आहे. तुम्ही हे करू शकता.


माणदेशी
१३ मार्च, दुपारी १.२०

कराडकर, मनापासून लिहिलंत, पण खाशाबांची गोष्ट आपण नेहमी अर्धीच सांगतो. हेलसिंकीला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी त्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. मॅटवर खाशाबा एकटे होते हे खरं, पण मॅटपर्यंत जाताना एकटे नव्हते. आणि पदक आणल्यानंतरही त्यांना नोकरीसाठी थांबावं लागलं, १९५५ मध्ये पोलिसात फौजदार म्हणून लागले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो ते गेल्यानंतर.

मी माणचा. ललिता बाबर आमच्या मोहीची. रिओला २०१६ मध्ये ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली तेव्हा आमच्याकडे सगळे टीव्हीपुढे बसले होते. ती दहावी आली आणि आम्हाला दहाव्या नंबराचं केवढं कौतुक! त्या आनंदाला मी कमी लेखत नाही. पण माझ्याच गल्लीतली दोन पोरं तिच्यासारखं पळायचं म्हणून घरदार सोडून गेली आणि गुडघे घालवून परत आली. त्यांचा सत्कार कुणी केला नाही, त्यांना कुणी काही विचारलंही नाही.

ताई, तुम्हाला कुणी 'हिंमत धरा' म्हटलं की त्यांना एक विचारा: माझ्यासाठी नोव्हेंबरात रात्री ब्लोअर कोण चालवणार आहे?


घाटातली_सकाळ
१३ मार्च, रात्री १०.०५

मी साताऱ्याची. वय ४६. सातारा हिल हाफ मॅरेथॉन पाच वेळा पळालेय. एकवीस किलोमीटर, त्यातलं निम्मं यवतेश्वरचा घाट चढायचा. पहिल्या वर्षी वळणावर रडले होते, अगदी खरं सांगते. पायात गोळे आलेले, खाली सातारा दिसतोय, समोर अजिंक्यतारा, आणि रस्ता वरच चाललाय.

पण ते आव्हान मी पैसे भरून घेतलं होतं. छातीवर नंबर होता, दर थोड्या अंतरावर पाणी हातात देणारी पोरं होती, ढोल होते, रुग्णवाहिका होती. आणि मी कधीही कडेला बसू शकत होते. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

चार वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. तेव्हा सगळे मला म्हणाले, "तू तर मॅरेथॉनवाली, तुला काय अवघड!" हे वाक्य मला अजून टोचतं. त्यात नंबर नव्हता, शेवटची रेघ नव्हती, आणि कडेला बसायची सोय नव्हती. सकाळी सहाला अंग पुसायचं, सातला फिजिओ, नऊला ऑफिस. मी केलं. प्रेमाने केलं. आणि आठवड्यातून एकदा तरी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. लोक दोन्हीला 'आव्हान' म्हणतात म्हणून ती एक होत नाहीत.

तुमची बाग यातली कुठली आहे, ते तुम्हीच बघा. मला तुमची पोस्ट वाचून असं वाटलं की ती लादली गेली म्हणून आली, पण मध्येच कुठेतरी तुमची झाली. अंधारात वेली बघायला लादलेलं माणूस जात नाही.


विट्याचा_भाऊ
१४ मार्च, सकाळी ७.३०

वहिनी, राग मानू नका, स्पष्ट बोलतो. मुलीची दहावी आहे. बाग परत लावता येते, दहावी परत येत नाही. सरळ बाग वाट्याने द्या, नाहीतर काढा. भावनेच्या भरात शेती होत नसते.


तासगावची_सून
१४ मार्च, रात्री ११.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळेतून येऊन, स्वयंपाक आवरून आत्ता निवांत वाचलं.

भिलवडीचे काका, नवी बाग डॉगरिजवर आहे, जुनी स्वमुळावर. काडी बारीक पडतेय हे खरं आहे. यंदा जुन्या एकरात घड जिरण्याचं प्रमाणही जास्त होतं. आबा असताना ते मान्य करत नसत आणि मीही मान्य करायचं टाळत आले, कारण जुनी बाग म्हणजे आबाच.

भाऊ, राग नाही. मुलीला मी विचारलं होतं. ती म्हणाली, "आई, तू बागेतनं आल्यावर चिडचिड करतेस, पण शाळेतनं आल्यावर गप्प असतेस. मला चिडलेली चालतेस." त्यावर मला काहीच बोलता आलं नाही. पंधरा वर्षांची पोर आहे, तिला आईसाठी काय चालतं आणि स्वतःसाठी काय लागतं, यातला फरक कळायचा आहे. म्हणून तिच्या बोलण्यावर मी निर्णय टाकणार नाही. पण ती म्हणाली ते खोटं नाही.

वाट्याने द्यायचा विचार केला होता. कोण घेणार? आमच्या भागात बाग वाट्याने करणारा चांगला माणूस मिळणं आता अवघड आहे, आणि औषधाच्या खर्चावरून वर्षाच्या आत भांडण ठरलेलं.

सातारच्या ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुम्ही विचारलंत ते मी कालपासून टाळतेय, आता लिहिते.

गेल्या सप्टेंबरात ऑक्टोबर छाटणीच्या आधी डोळे तपासायला काड्या घेऊन प्रयोगशाळेत गेले होते. बागायतदारांना माहीत आहे, इतरांसाठी सांगते. द्राक्षाचा घड छाटणीनंतर तयार होत नाही. तो आधीच्या उन्हाळ्यात, एप्रिल छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांत, डोळ्याच्या आत तयार होऊन बसतो. बाहेरून काही दिसत नाही. तिथल्या मुलाने ब्लेडने डोळा उभा चिरला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. मी विज्ञान शिकवते म्हटल्यावर मला बघू दिलं. आत लवेचा कापूस, आणि त्या कापसात पांढरट, पारदर्शक, बारीक-बारीक उंचवटे एकमेकांना चिकटलेले. फ्लॉवरच्या गड्ड्याचं अगदी इवलंसं पिल्लू असावं तसं. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, हा तुमचा फेब्रुवारीचा घड." मी त्या स्टुलावरून उठेना. मागे लोक थांबले होते.

चौदा वर्षं मी पोरांना कळीचा छेद फळ्यावर काढून दाखवतेय. स्वतःच्या वेलीचा छेद पहिल्यांदा बघितला. तो घड मी मे महिन्यात, ४१ अंशांत, बायकांबरोबर फेलफुटी, म्हणजे नको असलेली फूट, काढत असताना तयार होत होता. मला वाटत होतं मी नुसती घाम गाळतेय.

हे माझं सुख आहे आणि ते कुठल्याही सत्कारात बसत नाही. आणि त्याच बागेचं दुःख असं, की नोव्हेंबरात आभाळ भरून आलं की मला वर्गात फळ्यावर लिहिताना हात थरथरल्यासारखा होतो. पोरं खिडकीतून पाऊस बघून आनंदाने ओरडतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. पावसाची भीती वाटणारी बाई मी कधीच नव्हते. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी बघायला आयर्विन पुलावर हौसेने जायचे मी.

यजमानांबद्दल दोघातिघांनी खासगीत विचारलं. ते विरोधात नाहीत. पण बाग म्हटलं की त्यांना वडिलांची वाईट वर्षंच आठवतात. त्यांच्या लहानपणी एका गारपिटीनंतर आबा तीन दिवस कुणाशी बोलले नव्हते, जेवले नव्हते. ते म्हणतात, "तू म्हणशील तसं." हे ऐकायला चांगलं वाटतं. पण रात्री दोन वाजता, ठेवू की काढू करत जागी असले की तेच 'तू म्हणशील तसं' फार जड होतं.


ढालगावचा
१५ मार्च, दुपारी ३.००

मी बाग काढलेला माणूस. कवठेमहांकाळ तालुका. तीन वर्षांपूर्वी दीड एकर काढली.

जेसीबी सकाळी आठला आला, अकराला रान मोकळं. बारा वर्षं लावायला, तीन तास काढायला. मी बांधावर उभा होतो. वडील घरातनं बाहेर आलेच नाहीत. त्या रात्री मी जे झोपलो ते सकाळी नऊला उठलो. मोबाईलवर पावसाचा अंदाज बघितला नाही. खरं सांगतो, असं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मग ऑक्टोबर आला. शेजारच्या बागेत छाटणी झाली. पोंगा फुटला, पहाटे ब्लोअरचे आवाज सुरू झाले, आणि मला जाग यायला लागली. उठून बसायचो. काम काही नाही. हात मोकळे. ते मोकळे हात बघून गलबलायचं. म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की पूर्वी पळापळ व्हायची, आता पाणी आलं काय नि गेलं काय.

आता त्या रानात ऊस आणि थोडी हळद आहे. पैसे कमी, पण झोप आहे. पस्तावलो का? नाही. आठवण येते का? रोज. दोन्ही सोबत राहतं ताई. काढल्यावर सगळं साफ संपेल असं समजून काढू नका, आणि ठेवल्यावर सगळं गोड होईल असं समजून ठेवू नका. एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं आहे.


मारुती_चौक
१५ मार्च, रात्री ९.२५

मी सांगलीतला दुकानदार. किराणा भुसार, वडिलांपासून. २००५ चा पूर बघितला, २०१९ चा बघितला, २०२१ चाही.

२०१९ ला ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आठवडाभर दुकानाकडे जाता आलं नाही. पाणी ओसरल्यावर शटर उचललं तर आतून वास असा आला की दोन पावलं मागे सरकलो. गुळाच्या ढेपा विरघळून भिंतीला चिकटलेल्या, डाळीला कोंब आलेले, आणि वडिलांच्या हातची खतावणी फुगून वीटभर जाड झालेली. ती मी उन्हात वाळवली. एक पान सुटं होईना.

महिन्याभरात दुकान उघडलं. लोक म्हणाले, 'राखेतून उभा राहिला.' अहो, मी उभा राहिलो कारण बसायला जागा नव्हती. कर्ज होतं, दोन कामगार होते, पोरगा बारावीला होता. त्यात शौर्य किती आणि नाईलाज किती, मला आजही सांगता यायचं नाही. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा मात्र मला वेगळं वाटलं. भीती तेवढीच होती, पण मी ठरवून ठेवलं होतं. पुलावर इशारा पातळी आहे ना, ४० फूट? तशी माझी स्वतःची पातळी मी कोरड्या दिवसांत, डोकं शांत असताना ठरवली. ३५ ला तळातला माल माळ्यावर. ३८ ला साखर, तेल टेम्पोत घालून विश्रामबागला मेहुण्याकडे. ४० ला शटर बंद, वह्या घेऊन घरी. त्या दिवशी मग विचार करायचा नाही, फक्त आकडा बघायचा. माल पुष्कळसा वाचला.

बहिणीसारखं सांगतो. ठेवायची असली तरी, काढायची असली तरी, तुमचे आकडे आत्ता मार्चमध्ये लिहून ठेवा. कर्ज कितीपर्यंत. औषधाचा खर्च कितीपर्यंत. एका आठवड्यात किती रात्री बागेत. आकडा ओलांडला की थांबायचं. नोव्हेंबरात आभाळ भरल्यावर ठरवायला बसलात तर ते ठरवणं नसतं, ती नुसती धडपड असते.


घाटातली_सकाळ
१५ मार्च, रात्री ९.५०

मारुती चौक दादा, हे मी ह्यांच्यासाठी लिहून ठेवतेय. आमच्याकडेही कुठल्या दिवशी माणूस लावायचा, कुठल्या दिवशी बहिणीला बोलवायचं, हे मी दर वेळी दमल्यावरच ठरवत आले.


कराडकर_पुण्यात
१६ मार्च, सकाळी ८.१०

माणदेशी, तुमचं बरोबर आहे. मी लिहिताना घाई केली. ताई, नोव्हेंबरात दोन शनिवार-रविवार मी येऊ शकतो. ब्लोअर येत नाही, पण पडेल ते काम करीन. माझ्या मामाची बाग होती पलूसला, विरळणीला लहानपणी बसलोय.


तासगावची_सून
३० मार्च, रात्री १०.३०

पंधरा दिवस लिहिलं नाही, पण धागा रोज वाचत होते. यजमानांनाही वाचायला दिला. ते मिरजेहून रात्री आले, जेवता-जेवता वाचत होते. ढालगावच्या दादांची पोस्ट आली तेव्हा ताट बाजूला सारून उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाले, "आबांनी तेव्हाच काढली असती, तर मला त्यांचा राग आला असता. ठेवली, तर भीती वाटली." आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. मारुती चौक दादांनी सांगितलं तसे आकडे लिहिले. सगळे इथे सांगत नाही, दोन सांगते. नवी उचल दोन लाखांच्या वर नाही, सोनं परत गहाण नाही. आणि डिसेंबर ते मार्च, म्हणजे पोरीच्या परीक्षेपर्यंत, आठवड्यात दोनच दिवस मी गावी. बाकीचे दिवस तिकडे हे बघणार, आणि त्यांची शिफ्ट जुळली नाही तर मुकादमाला पगारी ठेवायचं. हा आकडा त्यांनी स्वतः लिहिला. त्यांच्या अक्षरात.

सोसायटी भरली. उचल अजून घेतलेली नाही. काका, तुमचं ऐकलं.

जुन्या बागेचं कालपर्यंत ठरत नव्हतं. ती काढायची हे सासूबाईंना कसं सांगायचं हा प्रश्न होता. आज सकाळी त्यांच्याजवळ बसून सांगायला सुरुवात केली, तर त्याच म्हणाल्या, "तुझा सासरा म्हणायचा, बाग म्हातारी झाली की तिला राबवू नये. स्वतःला मात्र राबवत बसला." आणि मग म्हणाल्या, बांधाकडच्या ओळीतल्या दोन वेली ठेव, मांडवासाठी, दारात. वेल उपटून दारात लावता येत नाही हे त्यांनाही माहीत आहे. मी काड्या काढून पिशवीत भरल्या आहेत. धरतात का बघायचं.


भिलवडीचा_बागायतदार
३१ मार्च, सकाळी ६.००

काड्या चार डोळ्यांच्या घ्या, खालचा काप डोळ्याच्या लगत, वरचा तिरका. सावलीत पिशव्या ठेवा, पाणी बेतानं. दहातल्या चार-पाच धरतील. स्वमुळावर लावताय तर दारात चालतंय, रानात नको.

आणि नवी बाग छाटताना कडक उन्हात दुपारी कात्री लावू देऊ नका. ओलांड्यावर ऊन बसलं की काप वाळतो. छाटणी झाली की ओलांड्याला लगेच बोर्डो पेस्ट.


तासगावची_सून
७ एप्रिल, रात्री ९.४५

आज नव्या बागेची छाटणी झाली. टोळी पहाटे साडेपाचला आली, दहाला हात थांबवले, राहिलेल्या ओळी चारनंतर घेतल्या. शाळेला रजा टाकली होती. यजमानही आले, आबांची कात्री घेऊन. त्यांच्या हातात ती मी कधी बघितली नव्हती. पहिल्या वेलीपाशी ते थांबले, मला वाटलं येत नसावं. पण त्यांनी काडी एका डोळ्यावर, ओलांड्यालगत, अशी सफाईने कापली की मुकादम म्हणाला, "मालक, शिकलाय की तुम्ही!" ते काही बोलले नाहीत. पुढच्या वेलीकडे गेले.

कापलेल्या टोकातून पाणी गळत होतं, थेंब थेंब, स्वच्छ. मुलगी पेस्टचा डबा आणि ब्रश घेऊन मागे-मागे होती. तिने विचारलं, "हे रडणं आहे का?" मी शिक्षिका असल्याने मुळांचा दाब वगैरे सांगायला लागले. ती ऐकत होती आणि पेस्ट लावत होती, आणि मध्येच तिने एका टोकावरचा थेंब बोटावर घेऊन चाखला. "कसली चव नाही," म्हणाली.

मला आज आनंद झाला का? दुपारपर्यंत झाला होता. संध्याकाळी जुन्या बागेत गेले, तिथे आता जेसीबी परवा येणार. मांडवाखाली पाचोळा आहे, तारेला आबांनी बांधलेल्या सुतळ्या अजून आहेत, काही काळ्या पडलेल्या. मी तिथे बसले आणि पुष्कळ रडले. मग उठून नव्या बागेतल्या ठिबकची कॉक बंद करायला गेले, कारण ती कुणीतरी चालूच ठेवली होती.

कराडकर दादा, नोव्हेंबरचे ते दोन शनिवार-रविवार मी वहीत लिहिले आहेत. सातारच्या ताई, सप्टेंबरात तुमची शर्यत असेल तेव्हा मी घाटात पाणी द्यायला उभी राहीन, तेव्हा आमच्याकडे छाटणी सुरू झालेली नसते.

एक काम होतं. जुन्या बागेचे लोखंडी अँगल आणि तारा निघतील. अँगल चांगले आहेत, गंज कमी. भंगारात घालायचं मन होत नाही. कुणी नवी लागण करणार असेल तर कळवा.


माणदेशी
७ एप्रिल, रात्री १०.२०

आमच्या गावात एका पोरानं डाळिंब काढून द्राक्ष लावायचं ठरवलंय. त्याला सांगतो. अँगल किती फुटी आहेत आणि किती नग निघतील?


तासगावची_सून
७ एप्रिल, रात्री १०.३५

सहा फुटी. मोजून सांगते. परवा जेसीबी यायच्या आत येऊन त्याने उभे असतानाच बघून जावेत.